सुपरनोव्हा १९८७ए: एका आघात तरंगाचा माग

सोमवार, २३ फेब्रुवारी १९८७. जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे सकाळचे ७ वाजून ३५ मिनिटं. आपल्याकडे दुपारचा एक वाजून गेला होता. जपानमधल्या कामिओकाच्या खाणीत, जमिनीखाली किलोमीटरभर खोल, पाण्याने भरलेली एक भलीमोठी टाकी होती. तिच्या भिंतींवरच्या, अंधुक प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांनी बारा-तेरा सेकंदांत डझनभर अंधुक चमका टिपल्या. त्याच वेळी अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीत आयएमबी या उपकरणाने आठ टिपल्या, कॉकेशस पर्वतातल्या बक्सानच्या वेधशाळेने पाच. तिन्ही ठिकाणची यंत्रं नोंद करून मोकळी झाली. माणसांपैकी कुणालाच त्या घडीला पत्ता नव्हता.

पावणेदोन तासांनी न्यूझीलंडमध्ये अल्बर्ट जोन्स हे हौशी निरीक्षक मोठा मॅगेलनी मेघ या आपल्या शेजारच्या दीर्घिकेचा एक भाग दुर्बिणीतून न्याहाळत होते. रूपविकारी ताऱ्यांच्या तेजाची नोंद ठेवण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस; वेगळं काही असतं तर त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं. त्यांना नवीन काही दिसलं नाही. आणखी सव्वा तासाने, १०:४० च्या सुमारास, ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मॅकनॉट यांनी त्याच भागाचा फोटो घेतला. त्यात सहाव्या प्रतीच्या आसपासचा एक तारा होता. त्या जागी आधी होता तो बाराव्या प्रतीचा, म्हणजे काहीशे पट मंद.

मग चिलीत रात्र झाली. लास कॅम्पानास वेधशाळेत ऑस्कर दुहाल्दे यांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसला. इयान शेल्टन यांनी आपली फोटोची काच डेव्हलप केली, तिच्यावरचा ठळक ठिपका बघून आधी काचेतच दोष असेल असं त्यांना वाटलं, आणि खात्री करायला ते बाहेर येऊन आकाशाकडे बघत उभे राहिले. १६०४ नंतर नुसत्या डोळ्यांना ठळक दिसलेला हा पहिलाच सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन मरणारा तारा. खाणींमधल्या नोंदी त्यानंतर उघडून बघितल्या गेल्या, तेव्हा ७:३५ सापडले.

महाराष्ट्रातून तो का दिसला नाही, हे मृग नक्षत्राच्या आधारे सांगता येतं. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे बरोबर दक्षिणेला येतात, तेव्हा त्यांच्या खाली थेट क्षितिजाकडे गेलं की हा तारा. पण मुंबईतून तो तिथे फार तर दोन अंश वर येतो, कोल्हापुरातून चार. फेब्रुवारीअखेर ही वेळ रात्री आठच्या सुमाराची. क्षितिजावरच्या धुरळ्यात तो हरवून जाणार हे ठरलेलंच. कन्याकुमारीला साडेबारा अंश मिळतात, तिथे निदान आशा होती.

तीन तास कुठे गेले?

या प्रकरणाचा सगळा जीव ७:३५ आणि १०:४० यांच्यामधल्या वेळात आहे. खाणींमधल्या चमका होत्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे कशातूनही जवळजवळ न अडता आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या. न्यूट्रिनो आणि प्रकाश, दोघेही सुमारे १ लाख ६८ हजार वर्षं वाटचाल करून आले. त्या वाटेवर न्यूट्रिनोंनी प्रकाशाला मागे टाकलं असं नव्हे. ते निघालेच आधी. ताऱ्याच्या गाभ्यात जे घडलं त्याची वर्दी न्यूट्रिनोंनी दिली, आणि प्रकाश निघाला तो गाभ्यात उठलेला आघात तरंग पृष्ठभागाशी पोचल्यावर. मधला वेळ म्हणजे त्या तरंगाचा ताऱ्याच्या आतला प्रवास. सुपरनोव्हा आणि आघात तरंग यांचं नातं काय, असं विचारलं तर माझं उत्तर हेच: ज्याला आपण स्फोट म्हणतो, तो म्हणजे हा तरंगच. बाकीचं सगळं त्याच्या वाटेवर घडत जातं.

फुटलेल्या ताऱ्याचं नाव सँड्युलिक −६९° २०२. निळा महाराक्षसी तारा. जन्माच्या वेळी सूर्याच्या साधारण अठरा-वीस पट वस्तुमानाचा, शेवटी त्रिज्या सूर्याच्या चाळीस-पन्नास पट. गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन असं जळत जळत अखेर लोखंड साचलं. लोखंडाच्या अणुगर्भांच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. ते साचून सूर्याच्या सुमारे १.४ पट झालं की स्वतःचं वजन त्याला पेलत नाही.

मग काही हजार किलोमीटर व्यासाचा तो गाभा सेकंदापेक्षा कमी वेळात कोसळतो. पडणाऱ्या द्रव्याचा वेग सेकंदाला ७०,००० किलोमीटरपर्यंत जातो. मधल्या भागाची घनता अणुगर्भाच्या घनतेपलीकडे गेली की तो भाग एकदम कडक होतो आणि किंचित उसळी घेतो. वरून द्रव्य ध्वनीपेक्षा कितीतरी वेगाने येतंच असतं. उसळलेला आतला भाग त्याला सामोरा जातो, आणि दोघांच्या सीमेवर आघात तरंग जन्मतो.

आघात तरंग हा ध्वनीचाच भाऊ, पण दांडगा. साधा ध्वनी माध्यमाला हलकेच दाबत, सोडत पुढे जातो. माध्यमाची स्थिती जवळपास होती तशीच राहते. आघात तरंगात दाब, तापमान, घनता एका पातळ थरात एकदम उडी घेतात, आणि तो ध्वनीच्या पुढे पळतो. माध्यमातली कुठलीही खबर ध्वनीच्या वेगानेच पुढे जाऊ शकते, म्हणून आघात तरंगाची चाहूल पुढच्या वायूला लागूच शकत नाही. एर्न्स्ट माख आणि पेटर साल्खर यांनी बंदुकीच्या गोळीभोवतीच्या अशा तरंगाचे फोटो प्रसिद्ध केले ते १८८७ मध्ये, म्हणजे या सुपरनोव्हाच्या नेमक्या शंभर वर्षं आधी. योगायोगच, पण मला आवडतो.

जोन्स यांनी बघितलं तेव्हा तिथे काहीच का नव्हतं, हे यातून कळतं. गाभा कोसळून पावणेदोन तास झाले होते, पण ताऱ्याच्या बाहेरच्या थरांना ते ठाऊक व्हायचा मार्ग नव्हता. पृष्ठभाग आदल्या दिवशीसारखाच निवांत तळपत होता. हिशेब करून बघा: त्रिज्या सुमारे ३ कोटी किलोमीटर; तरंग बाहेर आला तो जोन्स यांच्या नजरेनंतर आणि मॅकनॉट यांच्या फोटोआधी, म्हणून वेळ साधारण दोन तास, म्हणजे ७,२०० सेकंद. भागाकार करा, सरासरी वेग येतो सेकंदाला ४,००० किलोमीटरच्या वर. एरवी ताऱ्याच्या पोटातली गोष्ट समीकरणांवरून ओळखावी लागते. इथे दोन घड्याळांच्या वजाबाकीवरून तिथल्या तरंगाचा वेग हाती आला.

या वजाबाकीतून आणखी एक गोष्ट पक्की झाली. असे तारे फुटतात ते तांबडे आणि अवाढव्य फुगलेले असताना, अशी तोवरची समजूत होती. त्रिज्या सूर्याच्या शेकडो पट असती तर तरंगाला बाहेर यायला दिवसभर तरी लागला असता. तीन तासांच्या आत तो आला याचा अर्थ तारा आटोपशीर होता. जुन्या फोटोंमध्ये त्या जागी निळा ताराच दिसत होता, पण फुटला तो हाच का, यावर सुरुवातीला चांगलाच घोळ झाला. घड्याळाने निळ्याच्या बाजूने साक्ष दिली.

तरंग अडकतो

इथवर सगळं सरळ वाटतं: गाभा कोसळला, उसळला, तरंग निघाला, तारा फुटला. अनेक लोकप्रिय लेख इथेच थांबतात, आणि मला ते खटकतं, कारण खरी अडचण इथून सुरू होते. गणितात हा तरंग निघतो आणि शंभर-दोनशे किलोमीटरवर जाऊन अडतो.

कारण त्याच्या वाटेवर अजून पडत असलेलं लोखंड आहे. तरंगाच्या उष्णतेने लोखंडाचे अणुगर्भ फुटून सुटे प्रोटॉन-न्यूट्रॉन होतात, आणि ही तोडफोड फुकट होत नाही. सूर्याच्या एक दशांश वस्तुमानाएवढं लोखंड फोडायला जी ऊर्जा लागते, तेवढ्यात एक अख्खा सुपरनोव्हा होतो. तरंगाला असे कितीतरी दशांश पार करायचे असतात. वर न्यूट्रिनोही ऊर्जा घेऊन निसटत असतात. काही मिलिसेकंदांत तरंगाची पुंजी संपते.

अडलेला तरंग म्हणजे काय, ते बोरघाटात अडकलेल्याला लगेच कळेल. पुढे कुठेतरी कंटेनर आडवा झालेला असतो. मागून गाड्या भरधाव येतात आणि रांगेच्या शेपटाशी पोचल्या की करकचून ब्रेक लावून उभ्या राहतात. ते शेपूट हाच आघात तरंग: त्याच्या मागे मोकळा वेग, पुढे दाटी आणि तापलेली इंजिनं. पुढून जेवढ्या गाड्या सरकून जातात तेवढ्याच मागून आल्या, तर शेपूट एकाच जागी राहतं. ताऱ्यात हेच होतं. वरून द्रव्य पडत राहतं, तरंगाशी अडखळून तापतं, खाली कोसळलेल्या गाभ्यातून जन्मलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यावर, म्हणजे बहुतांश न्यूट्रॉनांच्याच अतिदाट गोळ्यावर, साचतं. असंच चालू राहिलं तर शेवटी कृष्णविवर व्हावं आणि बाहेर कुणाला फारसं काही दिसूही नये.

पण हा तारा तर फुटला. म्हणजे कुणीतरी तरंगाला पुन्हा ढकललं. १९८५ मध्ये हान्स बेथे आणि जेम्स विल्सन यांनी मांडलेलं उत्तर आज बहुतेकांना मान्य आहे: न्यूट्रिनोंनी. कोसळण्यातून मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास ९९ टक्के न्यूट्रिनोंच्या वाट्याला जाते. स्फोटाच्या गतीला जेमतेम एक टक्का पुरतो, आणि आपण ज्याचं कौतुक करतो तो प्रकाश तर त्याचाही लहानसा अंश. तरंगाच्या मागचा दाट वायू न्यूट्रिनोंच्या लोंढ्यातले थोडेसे जरी शोषू शकला, तर तो तापतो, त्याचा दाब वाढतो, खदखदायला लागतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास तरंग पुन्हा चालू लागतो. ही खदखद महत्त्वाची आहे. तारा अगदी सममित गोल धरून केलेल्या आकडेमोडीत बहुतेक वेळा स्फोट होतच नाही. संगणकांवर त्रिमितीत वायू उकळू दिला, वरखाली घुसळू दिला, तेव्हा कुठे तरंग सुटायला लागला.

कामिओकाच्या नोंदीने यातला अर्धा भाग सिद्ध केला. न्यूट्रिनो क्षणात न येता बारा-तेरा सेकंद पसरून आले. म्हणजे त्या घनतेत ते कोंडले होते आणि झिरपत बाहेर पडत होते. त्यांची एकूण ऊर्जाही न्यूट्रॉन तारा जन्मताना निघायला हवी तेवढीच भरली. या कामासाठी मासातोशी कोशिबा यांना २००२ चं नोबेल मिळालं. ती टाकी मुळात प्रोटॉनचा ऱ्हास होतो का हे बघायला बांधली होती. तो काही सापडला नाही.

वाटेवरची कामं

सुटलेला तरंग गाभ्यालगतच्या सिलिकॉन-ऑक्सिजनच्या थरांतून जाताना त्यांना काही अब्ज अंशांपर्यंत तापवतो. क्षणभर तिथे अणुभट्टी पेटते आणि निकेल-५६ तयार होतं. या ताऱ्यात ते सूर्याच्या ०.०७ पट बनलं, म्हणजे सुमारे तेवीस हजार पृथ्वींच्या वजनाएवढं. त्याचं सहा दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्ट होतं आणि कोबाल्टचं ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंड. गंमत बघा: ताऱ्याने मरेपर्यंत साठवलेलं लोखंड न्यूट्रॉन ताऱ्यात गडप झालं. अवकाशात उधळलं गेलं ते लोखंड तरंगाने जाता जाता घडवलेलं.

सुपरनोव्हा सर्वांत तेजस्वी दिसला तोही याच ऐवजावर. फेब्रुवारीत फुटलेला तारा मे महिन्यात, सुमारे २.९ प्रतीला, शिखरावर पोचला. तोवर तरंगाची मूळ उष्णता ओसरली होती आणि किरणोत्सारी कोबाल्टची ऊब त्याला तेवत ठेवत होती. हे कोबाल्ट खोल आत असल्यामुळे त्याचे गॅमा किरण बाहेर यायला बराच काळ लागेल असा अंदाज होता. पण ऑगस्टमध्येच उपग्रहांना त्याची खूण मिळाली. हायड्रोजनच्या जाड थरात शिरताना तरंग मंदावला होता, आणि मागून येणारं जड द्रव्य पुढच्या हलक्या द्रव्यात बोटांसारखं घुसलं होतं. ताऱ्याची कांद्यासारखी थरांची रचना फुटताना जशीच्या तशी राहत नाही, हे इथे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं.

बाहेर पडताना

पृष्ठभागाजवळ घनता झपाट्याने उतरते आणि तरंग उलट वेग घेतो. शेवटचा पातळ थर भेदताना त्याच्यामागे कोंडलेला प्रकाश एकदम सुटतो. काही लाख अंश तापमानाची, जंबुपार आणि मृदू क्ष-किरणांची ही ठिणगी थोडाच वेळ टिकते. १९८७ मध्ये ती प्रत्यक्ष कुणीही बघितली नाही. तरीही तिचा पुरावा आहे, आणि या सगळ्या प्रकरणातला मला तो सगळ्यात देखणा वाटतो.

फुटण्याच्या सुमारे वीस हजार वर्षं आधी या ताऱ्याने वायूचं एक कडं बाहेर टाकलं होतं. जंबुपार ठिणगी त्या कड्यावर पोचली आणि कडं उजळलं. कडं आपल्याकडे तिरकं आहे. जवळची बाजू आधी उजळलेली दिसणार, लांबची नंतर. आययूई या उपग्रहाला कड्याची चमक स्फोटानंतर सुमारे ८० दिवसांनी दिसू लागली आणि ४०० दिवसांच्या आसपास शिगेला पोचली. दोन्हींची सरासरी २४० दिवस. म्हणजे ताऱ्यापासून कड्यापर्यंतचं अंतर २४० प्रकाशदिवस, ०.६६ प्रकाशवर्ष. १९९० मध्ये हबल दुर्बिणीने कड्याचा फोटो घेतला, तेव्हा त्याची त्रिज्या आकाशात ०.८ विकला भरली (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). खरी लांबी माहीत, दिसणारा कोन माहीत, मग शाळेतली भूमिती पुरते: अंतर १ लाख ७० हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. दुसऱ्या दीर्घिकेपर्यंतचं अंतर एका तरंगाच्या ठिणगीने मोजून दिलं.

कड्याशी गाठ

प्रकाशाला जिथे आठ महिने लागले, तिथे तरंगाला आठ-नऊ वर्षं लागली. सेकंदाला सरासरी वीसेक हजार किलोमीटरने तो पोकळीतून येत होता. १९९७ मध्ये हबलच्या चित्रांत कड्यावर एक तेजस्वी ठिपका ओळखला गेला. मागे जाऊन बघितलं तर १९९५ च्या चित्रातही तो होता. कड्याचा आत डोकावणारा एक गोळा तरंगाच्या तोंडी आला होता. मग पाच-सहा वर्षांत सगळं कडं ठिपक्यांनी भरलं, आणि त्याला मोत्यांची माळ हे नाव पडलं.

दाट गोळ्यांत शिरताच तरंगाचा वेग सेकंदाला काही शे किलोमीटरवर येतो, मागचा वायू लवकर थंड होतो आणि दृश्य प्रकाश देतो. गोळ्यांमधल्या विरळ जागेतून मात्र तो सुसाट जातो; तिथला वायू लाखो-कोटी अंशांवर जाऊन क्ष-किरणांत चमकतो, आणि १९९९ पासून चंद्रा ही अवकाशदुर्बीण ते टिपते आहे. याच धडकेचा एक प्रतिघात उलट दिशेने, ताऱ्याच्याच अवशेषांत शिरला.

इथे एक शंका रास्त आहे. कड्यात घन सेंटिमीटरला हजारो अणू, त्याच्या आतल्या पोकळीत त्याहून कितीतरी कमी. आपल्या हवेत तर एकावर एकोणीस शून्यं एवढे रेणू. जिथे अणू एकमेकांवर आदळतच नाहीत तिथे आघात कसला? उत्तर चुंबकीय क्षेत्रात आहे. विरळ, विद्युतभारित वायूत टक्करांचं काम ही क्षेत्रं करतात. कण त्यांच्यावरून परततात, तरंग पुन्हा पुन्हा ओलांडतात आणि दर फेरीला थोडी ऊर्जा कमावतात. असे कमावून बसलेले कणच पृथ्वीवर विश्वकिरण म्हणून येतात, निदान त्यांतला मोठा भाग असाच येतो असा कयास आहे. या प्रवेगाचं गणित १९७७-७८ च्या सुमारास काही जणांनी वेगवेगळं मांडलं.

२००९ नंतर कड्याचं दृश्य तेज ओसरू लागलं, आणि २०१३ पासून कड्याच्या बाहेर नवे ठिपके दिसू लागले. तरंग कडं ओलांडून पलीकडे निघाला आहे. पुढे त्याला भेटणारा वायू ताऱ्याने आणखी आधी, तांबडा असताना सोडलेला. जितका तो लांब जाईल तितकी ताऱ्याची जुनी नोंद उजेडात येईल. आत, केंद्राशी, जेम्स वेब दुर्बिणीला आयनीभूत आरगॉन आणि गंधकाची खूण सापडली. नवजात न्यूट्रॉन ताऱ्याच्या किरणांशिवाय तिचा नीट खुलासा होत नाही, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे ७:३५ ला जे जन्मलं ते बहुधा अजून तिथे आहे.

राहिला तो अडलेल्या तरंगाचा टप्पा. दोन डझन न्यूट्रिनोंच्या नोंदीत तो ओळखता येत नाही. आपल्याच आकाशगंगेत असा स्फोट झाला तर कामिओकातच नंतर बांधलेल्या सुपर-कामिओकांदे या मोठ्या टाकीत हजारो न्यूट्रिनो नोंदले जातील, आणि जगभरच्या अशा उपकरणांना जोडणारी स्न्यूज ही यंत्रणा वेधशाळांना लगेच कळवेल. काक्षीसारखा, म्हणजे बीटलज्यूससारखा फुगलेला तांबडा तारा असेल, तर दुर्बिणी वळवायला दिवसभराची सवड मिळेल. तरंगाला पृष्ठभागाशी यायला तेवढा वेळ लागतोच. आणि नोंदीचा पहिला अर्धा सेकंद बघायला सगळे तुटून पडतील. तरंग अडलेला असेपर्यंत वरून पडणारं द्रव्य न्यूट्रिनोंचा ओघ चढा ठेवतं. तरंग सुटला की तो पुरवठा तुटतो आणि ओघ खाली येतो. आलेखात ती उतरण कुठे आहे, किती मिलिसेकंदांवर आहे, एवढं दिसलं की बेथे आणि विल्सन यांचं म्हणणं कितपत बरोबर होतं ते मोजता येईल.